प्रौढांसाठी न्यूमोकोकल लस: कोणती, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

गेल्या हिवाळ्यात राजेंद्रनगरातील एक वृद्ध दांपत्य माझ्या दवाखान्यात आले. काकांना सतरा वर्षांपासून मधुमेह होता, त्यात दम्याची भर पडली होती, आणि त्यांना न्यूमोनियाची लस द्यावी असे मी सुचवले. काकूंनी लगेच कापडी थैलीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेले एक कार्ड काढले आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांना निमोनियाचा टीका लागून गेलाय." मी विचारले, "कोणता, काकू?" त्या म्हणाल्या, "अहो, तोच, निमोनियाचा." इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या शेजारामुळे लसीला ‘टीका’ म्हणण्याची सवय पडली आहे, त्यात काही बिघडत नाही, पण कार्डावरही तेवढेच लिहिलेले होते. लसीचे नाव नव्हते, बॅच क्रमांक नव्हता, आणि तारखेतील वर्ष शाई पसरल्यामुळे वाचता येत नव्हते. पुढची लस कोणती द्यायची, किती दिवसांनी द्यायची, की मुळीच द्यायची नाही, हे ज्या एका ओळीवरून ठरते तीच ओळ तिथे नव्हती.

‘न्यूमोनियाची लस’ या नावाची एकच एक वस्तू बाजारात नाही, हे या लेखात मला सर्वांत आधी सांगायचे आहे. निरनिराळ्या बनावटीच्या, जंतूच्या निरनिराळ्या प्रकारांपासून संरक्षण देणाऱ्या लसी उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणती आधी घेतली यावर पुढची कधी घ्यायची हे अवलंबून असते. हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा आहे, परंतु त्या बोलण्याला तयारीने जाता यावे म्हणून पुढील पायऱ्या मी क्रमाने मांडत आहे.

आधी जंतूची ओळख

स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, म्हणजेच न्यूमोकोकस, हा जंतू १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वेगळा केला. रुग्णाच्या बेडक्याची काचपट्टी ग्रॅम पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की हे जंतू जांभळ्या रंगात, दोन-दोनच्या जोड्यांनी, भाल्याच्या पात्यासारखे निमुळते दिसतात, आणि पुष्कळदा प्रत्येक जोडीभोवती रंग न चढलेले एक फिकट वलय असते. हे वलय म्हणजे जंतूचे आवरण. ते शर्करेच्या लांब साखळ्यांचे बनलेले असते आणि आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींना जंतू गिळू देत नाही. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत आवरण असलेले जंतू उंदराला मारत होते आणि आवरण गमावलेले जंतू निरुपद्रवी ठरत होते. जंतूची मारकशक्ती मुख्यतः या आवरणात आहे, म्हणून आजच्या सर्व न्यूमोकोकल लसी या आवरणाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करतात.

अडचण अशी की हे आवरण एकाच घडणीचे नसते. शर्करेच्या रचनेनुसार या जंतूचे शंभराहून अधिक उपप्रकार ओळखले गेले आहेत आणि एका उपप्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यावर बहुधा चालत नाहीत. लसीच्या नावातील १३, २० किंवा २३ हा आकडा त्या लसीत किती उपप्रकारांची आवरणे घेतली आहेत एवढेच सांगतो.

हा जंतू नाकात आणि घशात, विशेषतः लहान मुलांच्या, काहीही त्रास न देता राहतो आणि खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो. नातवंडांना सांभाळणारे आजी-आजोबा त्याच्या रोजच्या संपर्कात असतात. तो फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो, रक्तात शिरला तर जंतुदोष सर्व शरीरभर पसरतो, आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला तर मेंदूज्वर होतो. शेवटच्या दोन प्रकारांना आणि रक्तात जंतू सापडलेल्या न्यूमोनियाला मिळून आक्रमक आजार म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण लसीचे यश आक्रमक आजारासाठी वेगळे आणि साध्या न्यूमोनियासाठी वेगळे मोजले जाते.

पहिली पायरी: आपण जोखमीच्या गटात आहोत का, हे ठरवावे

वय हा पहिला निकष. अमेरिकेत निरोगी प्रौढांसाठी ही मर्यादा अनेक वर्षे ६५ होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील सल्लागार समितीने ती ५० वर आणली. आपल्याकडे सरकारच्या मोफत कार्यक्रमात ही लस फक्त बालकांसाठी आहे आणि प्रौढांना ती स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते, त्यामुळे प्रत्येक घराला खर्चाचाही विचार करावाच लागतो. माझा स्वतःचा नियम असा आहे की साठी ओलांडलेल्या प्रत्येकाशी मी हा विषय काढतो, आणि पन्नाशीपुढील व्यक्तीला पुढीलपैकी एखादा आजार असेल तर आग्रह धरतो.

मधुमेह, दमा, धूम्रपानामुळे झालेला श्वासनलिकेचा जुनाट आजार, हृदय कमकुवत असणे, यकृताचा जुना विकार, मद्यपान आणि सध्या चालू असलेले धूम्रपान यांमुळे जोखीम वाढते. याहून गंभीर गट आहे तो रोगप्रतिकारशक्तीच खालावलेल्यांचा: मूत्रपिंड निकामी झालेले व डायलिसिसवरचे रुग्ण, कर्करोगावर उपचार घेणारे, एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले, आणि संधिवातासारख्या आजारांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे. कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेले किंवा मेंदूभोवतालचे पाणी गळत असलेले रुग्ण यांना मेंदूज्वराचा धोका असतो. या सर्वांसाठी पन्नाशीची वाट पाहायची नसते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासूनच लस सुचवली जाते.

प्लीहा काढलेल्या किंवा प्लीहा काम करत नसलेल्या व्यक्तींकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण त्यांच्यात हा जंतू काही तासांत जिवावर बेतू शकतो. अपघातात पोटाला मार बसून प्लीहा काढावी लागलेले तरुण वीस वर्षांनंतर ही गोष्ट सांगायचीच विसरतात. झाबुआ, अलीराजपूर, धार या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण आढळतात आणि त्या आजारात प्लीहा लहानपणापासूनच निकामी होत जाते. घरात कामाला येणाऱ्या किंवा कारखान्यात सोबत असणाऱ्या अशा कुणाची माहिती असेल तर त्यांनाही हे सांगावे. शस्त्रक्रिया करून प्लीहा काढायचे आधीच ठरले असेल तर लस किमान दोन आठवडे आधी घ्यावी. केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीही शक्य असल्यास तेवढाच अवधी ठेवावा.

दुसरी पायरी: आधी काय घेतले आहे ते शोधावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कार्डावर नाव नसेल तर औषधाच्या दुकानाचे जुने बिल, रुग्णालयातून सुटी मिळतानाचा कागद, विम्याच्या दाव्याची फाइल, मुलांच्या मोबाइलमधील छायाचित्रे हे सर्व चाळावे. लसीच्या बाटलीवर किंवा सिरिंजवर निघणारे छोटे स्टिकर असते आणि काही दवाखान्यांत ते फाइलमध्ये चिकटवलेले सापडते. काकांच्या बाबतीत काकूंनी घरी जाऊन बँकेच्या पासबुकात घडी करून ठेवलेले बिल शोधले. त्यावर तेवीस प्रकारांची लस आणि चार वर्षांपूर्वीची तारीख होती. त्या एका बिलाने प्रश्न सुटला. पुढे काय केले ते चौथ्या पायरीत येईल.

काहीच सापडले नाही तर लस घेतलेलीच नाही असे धरून पुढे जाता येते. दोनदा घेतली गेल्याने दंडाचे दुखणे थोडे वाढू शकते, पण लस न मिळालेल्या जोखमीच्या रुग्णाच्या तुलनेत तो तोटा किरकोळ आहे.

तिसरी पायरी: आकड्यांमागची बनावट समजून घ्यावी

‘तेरापेक्षा तेवीस मोठे, मग तेवीसवालीच द्या,’ असे मला अनेकदा सांगितले जाते. हिशेब स्वाभाविक आहे, पण तो इथे चुकतो.

तेवीस प्रकारांची लस, म्हणजे पीपीएसव्ही-२३, अमेरिकेत १९८३ साली आली. तिच्यात आवरणाची नुसती शर्करा असते. नुसत्या शर्करेला आपल्या प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी ओळखत नाहीत. बी पेशी प्रतिपिंडे बनवतात, पण स्मृती तयार होत नाही आणि काही वर्षांत ती प्रतिपिंडे उतरत जातात. ही लस आक्रमक आजारापासून चांगले संरक्षण देते, मात्र रक्तात न उतरलेल्या साध्या न्यूमोनियाबाबत तिचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

संयुग्मित लसीत, म्हणजे पीसीव्हीमध्ये, तीच शर्करा एका प्रथिनाला रासायनिक रीतीने जोडलेली असते. बहुतेक पीसीव्ही लसींत हे प्रथिन घटसर्पाच्या विषाचे निर्विष केलेले रूप असते. प्रथिन दिसताच टी पेशी कामाला लागतात, बी पेशींना मदत करतात आणि स्मृती तयार होते. त्यामुळे उपप्रकार कमी असले तरी संरक्षण अधिक भक्कम बसते आणि पुढे दुसरी लस दिल्यास तिला प्रतिसादही चांगला मिळतो. १३ प्रकारांची पीसीव्ही २०१० पासून वापरात आहे. १५ प्रकारांच्या लसीत त्या तेरांत २२-एफ आणि ३३-एफ यांची भर पडली. २० प्रकारांच्या लसीत याशिवाय ८, १०-ए, ११-ए, १२-एफ आणि १५-बी आले; ही लस अलीकडे भारतातही प्रौढांसाठी उपलब्ध झाली आहे. तेवीसमध्ये आहेत आणि वीसमध्ये नाहीत असे उपप्रकार फक्त चार आहेत: २, ९-एन, १७-एफ आणि २०. उलट ६-ए हा वीसमध्ये आहे आणि तेवीसमध्ये नाही. म्हणजे तेवीस आणि वीस या आकड्यांतील अंतर प्रत्यक्षात फारसे नाही.

अमेरिकेत जून २०२४ मध्ये २१ प्रकारांच्या लसीला मान्यता मिळाली. ती मुद्दाम प्रौढांचा विचार करून बनवली आहे आणि तिच्यातील आठ उपप्रकार इतर कोणत्याच लसीत नाहीत, पण ४ आणि १४ यांसारखे काही जुने उपप्रकार तिच्यात घेतलेले नाहीत. इंदूरहून सहा महिन्यांसाठी मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांना तेथील फार्मसीत ही लस मिळालेली असू शकते. परत आल्यावर तो कागद इथल्या डॉक्टरांना दाखवावा.

संरक्षण किती, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीतून मिळते. ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सुमारे ८४,५०० लोकांना त्यात १३ प्रकारांची लस किंवा औषध नसलेले इंजेक्शन दिले गेले आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लसीतील उपप्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी आणि त्या उपप्रकारांचा आक्रमक आजार सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाला. पण विषाणू धरून सर्व कारणांनी होणाऱ्या न्यूमोनियाचा एकत्र हिशेब केल्यावर ठळक घट दिसली नाही. हे मी रुग्णांपासून लपवत नाही. लस घेतलेल्याला न्यूमोनिया होणारच नाही असे कुणी सांगितले असेल तर ते खरे नाही. या जंतूच्या लसीतील प्रकारांमुळे येणारा जीवघेणा आजार पुष्कळ कमी होतो, हे खरे आहे. उपप्रकार ३ तर लसीत असूनही बराच निसटतो, कारण त्याचे आवरण अतिशय जाड असते.

लहान मुलांच्या लसीकरणाचाही इथे संबंध येतो. मध्य प्रदेशात पीसीव्ही सरकारी कार्यक्रमात २०१८ साली आली आणि २०२१ मध्ये ती देशभर पोहोचली. बाळाला ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात मोफत दिली जाते. बाळांच्या घशातून लसीतील उपप्रकार हटले की ते घरातील वृद्धांपर्यंतही कमी पोहोचतात. म्हणून नातवंडाचे कार्ड पूर्ण आहे का, हे आजोबांनी पाहणे हाही त्यांच्या स्वतःच्या संरक्षणाचा भाग आहे.

चौथी पायरी: क्रम आणि अंतर

पूर्वी एकही न्यूमोकोकल लस घेतलेली नसेल तर २० प्रकारांच्या पीसीव्हीचा एकच डोस घ्यावा. त्यानंतर तेवीसची गरज राहत नाही. खर्च परवडत असेल तर मी हाच सरळ मार्ग सुचवतो, कारण त्यात तारखा सांभाळाव्या लागत नाहीत.

ती मिळत नसेल तर आधी १३ किंवा १५ प्रकारांची पीसीव्ही आणि त्यानंतर किमान एक वर्षाने पीपीएसव्ही-२३ द्यावी. प्रतिकारशक्ती खालावलेल्या, प्लीहा नसलेल्या किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या रुग्णांत हे अंतर आठ आठवड्यांपर्यंत कमी करता येते. क्रम उलटा करू नये. नुसत्या शर्करेची लस आधी दिली तर नंतरच्या पीसीव्हीला प्रतिसाद फिका पडतो.

आधी फक्त तेवीस घेतली असेल तर किमान एक वर्ष थांबून पीसीव्ही घ्यावी. आमच्या काकांचा हाच प्रकार होता. चार वर्षे होऊन गेली होती, त्यामुळे त्यांना वीस प्रकारांची लस लगेच देता आली. आधी फक्त तेरा घेतली असेल तर एक वर्षानंतर वीस घेता येते, किंवा वर उल्लेखलेल्या अंतराने तेवीस. तेरा आणि तेवीस दोन्ही घेतल्या असतील आणि तेवीस ६५ वर्षांनंतर घेतलेली असेल, तर तिथे थांबणे योग्य आहे; हवे असल्यास शेवटच्या डोसनंतर पाच वर्षांनी वीसचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. तेवीस पासष्टीपूर्वी घेतलेल्यांचे वेळापत्रक अजून पूर्ण झालेले नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

दर वर्षी घ्यायची लस ती फ्लूची. फ्लूमुळे श्वासमार्गाचे अस्तर सोलले जाते आणि न्यूमोकोकसला वाट मिळते, म्हणून दोन्ही लसी जोडीने महत्त्वाच्या आहेत. त्या एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत घेता येतात.

पाचवी पायरी: लस घेण्याचा दिवस

लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवलेली असावी आणि ती कधीही गोठलेली नसावी. इंदूरच्या मे महिन्यात दुकानातून दवाखान्यापर्यंत नुसत्या पिशवीत आणलेली लस मी परत पाठवतो. बर्फाच्या पाकिटासह थर्माकोलच्या डब्यात ती आणावी, पण बर्फाला थेट चिकटवून नव्हे. शक्य तर जिथे टोचायची तिथल्याच फ्रिजमधून घ्यावी. किंमत काही हजारांत असते, म्हणून छापील किंमत आणि मुदत दोन्ही पाहावे.

अंगात सडकून ताप असेल तर लस पुढे ढकलावी. साधी सर्दी अडथळा ठरत नाही. आधीच्या न्यूमोकोकल लसीने, किंवा पीसीव्ही घ्यायची असल्यास घटसर्पाचा अंश असलेल्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते आधी सांगावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बारीक सुई वापरून नंतर दोन मिनिटे न चोळता दाबून धरावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. लस दंडाच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर दिली जाते. नंतर पंधरा मिनिटे तिथेच बसावे. दंड दुखणे, लाली, अंगदुखी, थकवा किंवा किंचित ताप एक ते तीन दिवसांत उतरतो आणि पॅरासिटामॉल पुरते.

निघण्यापूर्वी कार्डावर लसीचे पूर्ण नाव, आकडा, बॅच क्रमांक आणि वर्षासह तारीख लिहून घ्यावी, आणि त्याच क्षणी त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवावा.

सहावी पायरी: लस घेऊनही ताप आला तर

अचानक हुडहुडी भरून ताप, श्वास घेताना छातीत एका बाजूला टोचणे, गंजाच्या रंगाचा बेडका आणि धाप ही तरुणांतील लक्षणे. वृद्धांत मात्र ताप नसूही शकतो. दोन दिवसांत जेवण तुटणे, असंबद्ध बोलणे, नेहमीच्या वाटेवर तोल जाऊन पडणे, एवढीच खूण असते आणि घरचे ती थंडीवर किंवा वयावर ढकलतात. श्वास मिनिटाला ३० किंवा अधिक, वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी, गोंधळलेपण, ओठ निळसर, किंवा ऑक्सिमीटरवर ९० पेक्षा कमी आकडा यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा एम.वाय.सारख्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

औषधाच्या दुकानातून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणून सुरुवात करण्याची पद्धत मी कळकळीने थांबवायला सांगतो. न्यूमोकोकसमध्ये या गटाच्या औषधांना प्रतिकार पुष्कळ पसरला आहे, आणि एकदा गोळी पोटात गेली की रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता घटते. कल्चरचे रक्त प्रतिजैविकापूर्वी काढले जाईल एवढे नातेवाइकांनी विचारून घ्यावे, पण त्यासाठी गंभीर रुग्णाचे पहिले इंजेक्शन लांबू देऊ नये.

न्यूमोनियातून बरे झालेल्यांनाही लस लागते, कारण एका उपप्रकाराने झालेला आजार बाकीच्यांपासून वाचवत नाही. ताप उतरून प्रकृती स्थिरावली की ती घेता येते. पन्नाशीपुढील धूम्रपान करणाऱ्यांनी सुमारे सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढावा, कारण न विरणाऱ्या सावलीमागे कधी गाठ दडलेली असते. त्या एक्स-रेला येताना लसीचे कार्डही सोबत आणावे.